एका सिस्टरमागे किती पेशंट?

रायपूरच्या सरकारी सर्जिकल वॉर्डात काय करावे, काय टाळावे

ऑपरेशन कोण करणार, भूल कोण देणार, कुठल्या रुग्णालयात करायचं याची चौकशी घरोघरी चार-चार दिवस चालते. पेशंट ओटीतून वॉर्डात आल्यावर रात्रभर त्याच्याकडे कोण बघणार, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. खरं तर रक्तस्राव, जंतुसंसर्ग, फुप्फुसात अडकणारी गुठळी, मंदावणारा श्वास हे धोके ऑपरेशन टेबलावर संपत नाहीत. त्यातले बरेचसे वॉर्डात, पहिल्या काही दिवसांत डोकं वर काढतात. आफ्रिकेतल्या २५ देशांच्या एका मोठ्या पाहणीत (२०१८) शस्त्रक्रियेनंतर दगावलेले बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेचा दिवस उलटल्यावर गेले होते. धोका वेळेत ओळखणारी नर्स जवळ असली तर यातले कित्येक जण वाचू शकतात.

याला भक्कम आधार आहे. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांमधल्या दोन लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २००२ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा: एका नर्सकडे सरासरी एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. २०१४ मध्ये युरोपातल्या ९ देशांतली ३०० रुग्णालयं तपासली, तेव्हाही ७ टक्केच आले.

रायपुरात बस्तरपासून सरगुजापर्यंतचे आणि ओडिशाच्या कालाहांडी-नुआपाड्याचेही पेशंट येतात. १९६३ साली सुरू झालेल्या मेडिकल कॉलेजला जोडलेलं डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं ‘मेकाहारा’, टाटीबंधचं एम्स, डीकेएस, पंडरीचं जिल्हा रुग्णालय यांपैकी कुठे ना कुठे आपल्या मराठी घरांतलं कुणीतरी कधी ना कधी दाखल होतंच. काय करावे, काय टाळावे याची ही यादी त्या घरांसाठी आहे. वॉर्ड चालवणाऱ्यांसाठी आणि वॉर्डाचा निर्णय घेणाऱ्यांसाठीही आहे.

आधी हिशेब समजून घ्या

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषानुसार मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात साध्या वॉर्डात ३ पेशंटमागे १ नर्स हवी, इतर रुग्णालयांत ५ मागे १. रजेची सोय म्हणून वर ३० टक्के जादा पदं. ३ मागे १ हे ऐकायला भरपूर वाटतं, पण ते तिन्ही पाळ्या मिळून आहे. ३० खाटांच्या वॉर्डाला १० नर्स, रजेची भर घालून १३. एका पाळीला जेमतेम ३. म्हणजे निकष पूर्ण पाळला तरी एकीच्या वाट्याला ९-१० पेशंट येतात.

दुसऱ्या बाजूनेही तपासून बघा. पाळीला ३ म्हणजे दिवसाला ९ आणि वर्षाला ३,२८५ ड्युट्या. साप्ताहिक सुट्ट्या, रजा आणि सणवार वजा जाता एक नर्स वर्षाला साधारण २५५ ड्युट्या करते. भागाकार पुन्हा १३ च्या आसपास येतो. या १३ पैकी ४ पदं रिकामी असली तर दिवसाला ६ ड्युट्या हाती राहतात. सकाळी राउंड, ड्रेसिंग आणि ओटीची ने-आण असते, तिथे ३ लागतात. दुपारी २. रात्रीला उरते एकच.

रात्रीची पाळी बारा तासांची धरली तर ७२० मिनिटं आणि ३० पेशंट. माणशी २४ मिनिटं. त्यातच इंजेक्शनं, सलाइन, नोंदी, फोन आणि नवा पेशंट. नुकतंच ऑपरेशन झालेल्या माणसाची नाडी, बीपी आणि श्वास पहिल्या तासात दर १५ मिनिटांनी, पुढचे दोन तास दर अर्ध्या तासाने आणि त्यानंतर चार तास तासाला एकदा पाहायचा म्हटला तर १२ नोंदी होतात. एका नोंदीला ५ मिनिटं धरली तरी एका पेशंटमागे एक तास जातो. असे पाच पेशंट असले की पाच तास त्यांच्यातच संपतात आणि उरलेले २५ पेशंट वाट बघतात.

नर्सची संख्या हा उपचाराचाच भाग आहे. अँटिबायोटिक कमी पडलं तर आपण गप्प बसत नाही, नर्स कमी पडल्या तरी गप्प बसू नये. पुढची सगळी यादी एवढ्या एका गोष्टीवर उभी आहे.

पेशंटच्या घरच्यांसाठी

काय करावे

- पाळी बदलली की शांतपणे विचारा: “सिस्टर, आज रात्री किती जणी आहात?” हा तुमचा हक्काचा प्रश्न आहे. एकच सिस्टर असेल तर घरच्यांपैकी धीराचं, जागं राहू शकणारं माणूस रात्री थांबवा.

- हाक कधी मारायची, त्या खुणा आधीच लिहून घ्या. ड्रेसिंग रक्ताने भिजत जाणं. ड्रेनची पिशवी एकाएकी लाल होणं. श्वास मिनिटाला २४ च्या वर किंवा १० च्या खाली जाणं. पेशंट असंबद्ध बोलू लागणं किंवा हाकेला ओ न देणं. हुडहुडी भरून ताप. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं. छातीत दुखून धाप लागणं. यातलं काहीही दिसलं तर सकाळच्या राउंडची वाट बघू नका.

- श्वास मोजायला शिका. पेशंट झोपला असताना छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजायची. यंत्र लागत नाही. प्रकृती बिघडू लागली की श्वासाचा वेग अनेकदा सगळ्यात आधी बदलतो, आणि घाईच्या वॉर्डात तोच सगळ्यात कमी मोजला जातो.

- लघवीचं प्रमाण टिपून ठेवा. वजनाच्या दर किलोमागे तासाला किमान अर्धा मिलिलिटर, हा साधा हिशेब. ५० किलोच्या माणसाला तासाला २५, म्हणजे सहा तासांत १५० मिलिलिटर. पिशवीत याहून कमी असेल तर सिस्टरला आकडा सांगा. “लघवी कमी वाटते” यापेक्षा “रात्री दहापासून चारपर्यंत ८० झाली” हे वाक्य जास्त उपयोगाचं.

- विचारून कूस बदलवा, विचारून बसवा. दर दोन तासांनी कूस बदलली तर पाठीला जखमा होण्याची शक्यता कमी होते. लवकर बसवलं, चालवलं तर फुप्फुसं मोकळी राहतात आणि पायात गुठळी होण्याचा धोका घटतो. पण मणका, खुब्याचं हाड किंवा ताज्या टाक्यांचा पेशंट असेल तर आधी परवानगी घ्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग १९७३ पासून २०१५ पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. तिथल्या परिचारिकांनी त्यांच्या अंगावर शय्याव्रण होऊ दिले नाहीत. सुश्रूषेला पुरेसे हात आणि पुरेसा वेळ मिळाला तर काय साधतं, हे यावरून कळतं.

- पेशंटला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुवा. सॅनिटायझरची एक बाटली खाटेच्या कडेला ठेवा आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला वापरायला लावा.

- शेजारच्या खाटेवरही नजर ठेवा. बस्तरहून आलेला हलबी बोलणारा पेशंट कधीकधी एकटाच असतो. हलबीत मराठीशी जुळणारे पुष्कळ शब्द आहेत. आपल्याला त्याचं थोडं तरी कळतं, तेव्हा त्याचा निरोप सिस्टरपर्यंत पोचवा.

काय टाळावे

- औषधाची ट्रॉली फिरत असताना सिस्टरला अडवू नका. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या दोन रुग्णालयांत झालेल्या अभ्यासात (२०१०) औषध देताना आलेल्या प्रत्येक व्यत्ययागणिक चुका सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेल्या आढळल्या. तातडीचं असेल तर जरूर हाक मारा. डिस्चार्ज कधी, हे नंतर विचारा.

- सलाइनचं चाक फिरवू नका, ऑक्सिजनचा काटा हलवू नका. सलाइन संपत आलं की सांगा. स्वतः बाटली बदलू नका. लघवीची पिशवी खाटेवर किंवा पोटाच्या पातळीवर ठेवू नका, जमिनीलाही टेकू देऊ नका.

- न विचारता पाणी, चहा, वरणाचं पाणी देऊ नका. भूल पूर्ण उतरण्याआधी दिलेला घोट श्वासनलिकेत जाऊ शकतो. आतड्याच्या ऑपरेशननंतर कधी आणि काय सुरू करायचं, हे सर्जनच ठरवतील.

- खाटेभोवती गर्दी करू नका. एक पेशंट, एक माणूस. डॉक्टरांशी बोलणारंही घरातलं एकच माणूस ठरवा. पाच जणांना पाचदा सांगण्यात जाणारा वेळ पेशंटच्याच वाट्यातून जातो.

- सिस्टरवर आवाज चढवू नका, हात तर मुळीच नको. वॉर्डात चार जणींचं काम करणारी एकटी बाई ही या व्यवस्थेची गुन्हेगार नाही. छत्तीसगडमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हिंसेविरुद्ध २०१० पासून कायदा आहे. तक्रार असेल तर ती लेखी द्या. तारीख, वेळ, वॉर्ड, त्या पाळीतले पेशंट आणि नर्स यांचे आकडे घाला. नर्सचं नाव लिहिण्याआधी हे आकडे लिहा.

वॉर्डातल्या सिस्टर, ब्रदर आणि इन्चार्जसाठी

काय करावे

- पाळी सुरू होताच फळ्यावर दोन आकडे लिहा: पेशंट किती, नर्स किती. जमिनीवरच्या गादीवर असलेला पेशंटही मोजा. खाटा ३० आणि पेशंट ४२ असतील तर आकडा ४२ च.

- ताजं ऑपरेशन झालेले पेशंट टेबलासमोरच्या खाटांवर घ्या. बरे होत आलेले लांब हलवा. नर्स वाढत नसतील तेव्हा चालण्याचं अंतर तरी कमी होतं.

- पेशंटची वाटणी खाटेच्या क्रमांकाने करू नका, प्रकृतीने करा. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेली गुणपद्धत हाताशी ठेवा: श्वासाचा वेग, रक्तातला ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप यांना गुण द्यायचे, ऑक्सिजन चालू असेल तर त्याचे वेगळे. बेरीज वाढली की डॉक्टरांना बोलवायचं. कागद आणि पेन एवढ्यावर हे चालतं, आणि नव्या मुलीलाही कुणाकडे आधी धावायचं ते कळतं.

- नाडीचा कल बघा. आत रक्तस्राव होत असेल तर बीपी बराच वेळ तग धरतं, नाडी आधी वाढत जाते. ८४, ९६, ११२ असे तीन आकडे एका ओळीत दिसले की चौथ्याची वाट न बघता फोन करा.

- हँडओव्हर खाटेशी द्या. टेबलाशी बसून दिलेल्या हँडओव्हरमध्ये भिजलेलं ड्रेसिंग दिसत नाही. ऑपरेशन कोणतं, कधी झालं, ड्रेनमध्ये किती, लघवी किती, पुढचं औषध कधी आणि कशाची धास्ती आहे, एवढं प्रत्येक खाटेशी बोला.

- कमतरता त्याच पाळीत लेखी कळवा. “आज रात्री ४२ पेशंटसाठी १ नर्स. यातले ६ आज ऑपरेशन झालेले. दर अर्ध्या तासाचं निरीक्षण शक्य नाही.” ही ओळ मेट्रनच्या वहीत जाऊ द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं सकाळी कुणालाच आठवत नाही.

काय टाळावे

- न घेतलेलं बीपी चार्टवर लिहू नका. रकाना रिकामा राहिला तर कमतरता दिसते. खोट्या आकड्याने पेशंटचा धोका झाकला जातो आणि तुमची अडचणही झाकली जाते. वेळ झाला नाही, असं लिहिण्याचं धैर्य ठेवा. इन्चार्जनी त्या धैर्यामागे उभं राहावं.

- शिकाऊ मुलींना हजेरीत मोजू नका. नर्सिंग कॉलेजच्या विद्यार्थिनी शिकायला आलेल्या असतात. त्यांच्या हातून होणारं काम जमेला धरलं की पद भरायची गरजच वाटेनाशी होते.

- सलग दुसरी पाळी करू नका, कुणाला करायला लावू नका. अमेरिकेतल्या २००४ च्या एका अभ्यासात साडेबारा तासांहून लांब पाळीत चुकीची शक्यता सुमारे तिप्पट निघाली होती. थकलेल्या हातांनी भरलेली सिरिंज पेशंटलाही धोक्याची आणि नर्सलाही.

- फोनवरची ऑर्डर परत वाचून दाखवल्याशिवाय पाळू नका. औषधाचं नाव, मात्रा, मार्ग आणि वेळ मोठ्याने परत म्हणा. मग लिहा आणि डॉक्टर आले की सही घ्या.

सर्जन आणि रेसिडेंट डॉक्टरांसाठी

काय करावे

- ओटीची यादी करण्याआधी वॉर्डाला विचारा. उद्या रात्री दोन नर्स असतील की एक, हे इन्चार्जकडून कळल्याशिवाय टाळता येण्याजोग्या मोठ्या केसेस ठरवू नका. तातडीच्या अर्थातच थांबवता येत नाहीत. म्हणूनच ठरवून केलेल्या ऑपरेशनांची संख्या वॉर्डाच्या ताकदीत राहायला हवी.

- मोठी ऑपरेशनं सकाळी लवकर घ्या. पहिले सहा-सात तास वॉर्डात जास्त माणसं असताना जातील.

- ऑर्डरमध्ये आकडे लिहा. “नाडी ११० च्या वर, लघवी दोन तासांत ५० मिलिलिटरहून कमी, ड्रेनमध्ये तासाला १०० हून जास्त, तर मला फोन.” नव्या सिस्टरलाही यात शंका उरत नाही.

- जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची चेकलिस्ट खरोखर बोलून पूर्ण करा. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत, त्यातलं एक नवी दिल्लीचं, ती वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. तिच्या शेवटच्या भागात या पेशंटची पुढची काळजी कशी घ्यायची, हे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि नर्स यांनी मिळून बोलायचं असतं. तो भाग वॉर्डाच्या रात्रीसाठीच आहे.

काय टाळावे

- “व्हायटल्स बघत राहा” असं मोघम लिहू नका. किती वेळाने आणि किती तास, हे लिहा.

- सिस्टरचा फोन “सकाळी बघू” म्हणून ठेवू नका. तीस जणांतून तिने एकासाठी फोन केला आहे. ते कारण ऐका, उठून या.

- संख्येचा विक्रम करू नका. नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूर जिल्ह्यातल्या तखतपूर भागात नसबंदी शिबिरात एका सर्जनने एका दिवसात ८३ बायकांची ऑपरेशनं केली. मार्गदर्शक मर्यादा ३० होती. काही तासांत बायकांना घरी पाठवलं गेलं आणि १३ जणी दगावल्या. कारण औषधातली भेसळ की जंतुसंसर्ग, यावर पुढे वाद झाला. पण ऑपरेशननंतरच्या निरीक्षणाला वेळ आणि माणसं ठेवलेलीच नव्हती, यात वाद नाही. छत्तीसगडने हे विसरता कामा नये.

रुग्णालय प्रशासन आणि सरकारसाठी

काय करावे

- हिशेब पाळीनिहाय ठेवा. रोजच्या प्रत्येक पाळीत, प्रत्येक वॉर्डात प्रत्यक्ष किती पेशंट आणि प्रत्यक्ष किती नर्स, हे महिन्याअखेरीला वॉर्डाच्या दारावर लावा.

- रजेची ३० टक्के पदं खरोखर भरा. प्रसूती रजा आणि बालसंगोपन रजा हा नर्सचा हक्क आहे. जिथे बहुसंख्य कर्मचारी बायका आहेत तिथे या रजा येणारच. त्यांची सोय आधी करा, रजा नाकारून किंवा उरलेल्यांवर बोजा टाकून भागवू नका.

- भरती निवृत्तीच्या आधी सुरू करा. कोण कोणत्या महिन्यात निवृत्त होणार, हे आस्थापनेला वर्षभर आधी ठाऊक असतं. पद रिकामं झाल्यावर प्रस्ताव पाठवला की त्या वॉर्डाच्या शेकडो रात्री कमी नर्सवर जातात.

- नर्सिंगबाहेरची कामं नर्सच्या डोक्यावरून काढा. चादरींची मोजदाद, औषधांचं इंडेंट, योजनांची पोर्टलवरची नोंद आणि रिपोर्ट आणायला धावणं यासाठी कारकून आणि वॉर्ड बॉय द्या. नवं पद मंजूर होईपर्यंत नर्सचे तास वाढवायचा हा सर्वांत जलद मार्ग.

- किमान प्रमाण कायद्यात आणा. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याने १९९९ मध्ये कायदा केला, २००४ पासून तो अमलात आला. आज तिथे सर्जिकल वॉर्डात प्रत्येक पाळीत ५ पेशंटमागे १ नर्स ठेवावीच लागते. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाने २०१५ मध्ये आपलं प्रमाण कायद्यात घातलं. आपल्याला पहिल्या दिवशी ५ मागे १ झेपणार नाही. पण रात्री सर्जिकल वॉर्डात कधीही एकच नर्स असणार नाही, एवढा नियम राज्याला आजही करता येईल.

काय टाळावे

- पूर्ण रुग्णालयाची सरासरी दाखवू नका. आयसीयू, ओटी, ओपीडी आणि कार्यालयातल्या नर्स एकत्र मोजल्या की प्रमाण छान दिसतं. रात्री दोन वाजता सर्जिकल वॉर्डात त्यातल्या किती असतात, तेवढंच मोजा.

- नर्सची पदं मंजूर झाल्याशिवाय खाटा वाढवू नका. २००० साली राज्य झालं तेव्हा डीकेएस रुग्णालयाच्या इमारतीत मंत्रालय आलं. २०१८ मध्ये तिथे पुन्हा रुग्णालय उभं राहिलं, तेही सुपरस्पेशालिटी. इमारतीचा वापर सरकारी आदेशाने बदलता येतो. अनुभवी सर्जिकल नर्स तयार व्हायला मात्र वर्षं लागतात. खाटेचा आदेश आणि पदाचा आदेश एकाच दिवशी निघाला पाहिजे.

- नर्सच्या मागण्यांना केवळ एस्माने, म्हणजे अत्यावश्यक सेवा कायद्याने, उत्तर देऊ नका. मे २०१८ मध्ये छत्तीसगडच्या सरकारी परिचारिका वेतनश्रेणीसाठी संपावर गेल्या. सरकारने एस्मा लावला आणि रायपुरात त्यांना अटकही झाली. संपाने पेशंटचे हाल होतात, हे खरंच. पण पगार आणि पदोन्नतीचा प्रश्न लटकत राहिला की चांगल्या नर्स सरकारी सेवेत टिकत नाहीत आणि त्याचे हाल पेशंटला रोज सोसावे लागतात.

- दुर्घटनेनंतर ड्युटीवरच्या नर्सला निलंबित करून फाइल मिटवू नका. चौकशीचा पहिला प्रश्न त्या पाळीत किती पेशंट आणि किती नर्स होत्या, हा असावा. दोष त्यानंतर ठरवा.

- मृत्यूंचा आकडा वर्तमानपत्रात येईपर्यंत थांबू नका. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ४८ तासांत ३१ मृत्यू झाल्याचं उघड झालं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदांचा प्रश्न न्यायालयासमोर आला. ती पदं त्या आठवड्यात रिकामी झालेली नव्हती.

नागरिक, मंडळं आणि लोकप्रतिनिधींसाठी

काय करावे

- माहितीचा अधिकार वापरा. अर्जाचं शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. प्रश्न नेमका ठेवा: “मागच्या तीन महिन्यांत सर्जिकल वॉर्डांत रात्रपाळीला रोज किती नर्स आणि किती पेशंट होते? मंजूर पदं किती, भरलेली किती, त्यात कंत्राटी किती?” हा अर्ज हिंदीतून करा.

- रुग्णालयाच्या जीवनदीप समितीच्या बैठकीत हा विषय मांडा. जिल्हा रुग्णालयाच्या समितीत कूलर, रंगरंगोटी आणि पार्किंग यांच्या आधी रात्रपाळीचा आकडा यायला हवा. आपल्या आमदारांना या बैठकीआधी भेटा आणि तोच आकडा हातात द्या.

- मराठी मंडळांनी रुग्णसोबती गट बांधावा. एकट्या पेशंटपाशी दिवसा दोन तास बसणारी माणसं वॉर्डाला हवी असतात. त्यांना निवृत्त सिस्टरकडून एका दिवसाचं शिक्षण द्या: हात कसे धुवायचे, श्वास कसा मोजायचा, हाक कधी मारायची आणि कशाला हात लावायचा नाही.

- दल्ली राजहराचं उदाहरण जवळ ठेवा. तिथल्या खाणकामगारांनी आपल्या संघटनेच्या बळावर १९८३ मध्ये शहीद रुग्णालय उभं केलं आणि कामगारांच्या घरांतल्या माणसांना आरोग्यसेवेचं शिक्षण देऊन उभं केलं. सुश्रूषा करणारी माणसं ही रुग्णालयाची पहिली गरज आहे, हे त्या खाणकामगारांना कळलं होतं.

काय टाळावे

- यंत्र भेट देताना ते चालवणारं कोण, हे विचारल्याशिवाय देऊ नका. चार मॉनिटर आणि त्यांच्या घंटा ऐकायला एकही मोकळी नर्स नसेल तर देणगी वाया जाते.

- १२ मेला फक्त हारतुरे देऊ नका. परिचारिका दिनाच्या त्याच व्यासपीठावर रिकाम्या पदांची यादी वाचा आणि मंचावरच्या पाहुण्यांना भरतीची तारीख विचारा.

- दमलेल्या नर्सचा व्हिडिओ काढून पसरवू नका. कॅमेरा वॉर्डाच्या फळ्याकडे वळवा. तिथे आकडे नसतील तर ते का नाहीत, हा प्रश्न अधीक्षकांना विचारा.

- “सरकारी आहे, असंच चालायचं” म्हणू नका. मेकाहाराच्या वॉर्डात झोपलेल्या माणसाचं शरीर आणि कॅलिफोर्नियातल्या रुग्णालयात झोपलेल्या माणसाचं शरीर रक्तस्रावाला सारखंच उत्तर देतं. तिथे कायद्याने मिळालेली सुरक्षितता इथे मागणं हा हट्ट नाही, हक्क आहे.

सगळी यादी लक्षात राहणार नाही. दोन गोष्टी ठेवा. पेशंट वॉर्डात आला की त्या पाळीत किती नर्स आहेत, हे विचारा. आणि रायपूरच्या प्रत्येक सरकारी सर्जिकल वॉर्डाच्या दारावर पेशंट आणि नर्स यांचे त्या पाळीचे आकडे ठळक लिहिले जावेत, अशी मागणी लेखी करा. ही मागणी पूर्ण करायला एक फळा, एक खडू आणि अधीक्षकांची एक सही पुरते. आकडे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आले की रिकाम्या पदांबद्दल उत्तर द्यावंच लागेल.